योसेफाच्या तोंडचं वाक्य

"मूल देवाचं, बाई. माझ्या वाट्याला फक्त पाळणा आलाय!"

योसेफाचं काम करणाऱ्या विल्यमने कमरेवर हात ठेवून, डोळे आभाळाकडे फिरवून हे वाक्य टाकलं आणि तालीम बघायला जमलेल्या माणसांत हशा उसळला. मी शाळेच्या बाकावर बसून तो हशा कान भरून ऐकत होते. नाटक माझं होतं, वाक्य माझं होतं. मी लिहिलेल्यावर लोक माझ्यादेखत हसण्याची ही पहिलीच वेळ, आणि तेही हसावं म्हणूनच लिहिलेल्या जागी.

तेवढ्यात मागच्या बाकावर व्हायोलिनचा गज खाडकन आपटला.

"हे चालणार नाही," बस्त्यावकाका म्हणाले.

बस्त्याव तुस्कानो म्हणजे आमच्या देवळातल्या गायनमंडळाचे प्रमुख. वसईकडे आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. मुळवाडीच्या त्या देवळात फादर बदलत, बिशपही बदलत. बस्त्यावकाका मात्र तेच. दिवसभर केळीच्या वाडीत राबायचे आणि संध्याकाळी त्याच हातांनी व्हायोलिन वाजवायचे. कुणी अर्धा सूर चुकला तरी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, चालू असताना मान वळवून बघायचे. त्या नजरेला आम्ही सगळे भ्यायचो. फादरसुद्धा.

"काय चालणार नाही, काका?" मी विचारलं.

"योसेफ असं बोलणार नाही."

"मग कसं बोलेल?"

"बोलणारच नाही. शुभवर्तमानात देवदूत बोलतो, मरिया बोलते, तो मेला हेरोदसुद्धा बोलतो. योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. तो ऐकतो आणि कामाला लागतो. तू त्याला पानभर बडबड करायला लावलीस."

"म्हणजे दोन हजार वर्षं बिचारा गप्प बसलाय," मी म्हटलं. "आता एकदा तरी बोलू दे की त्याला!"

पुन्हा हशा झाला. पण या वेळी तो मध्येच तुटला. तरुण मुलं हसत राहिली आणि मोठी माणसं गप्प होऊन बस्त्यावकाकांकडे बघायला लागली. मला वाटलं, काका आता कुणाला गजाने मारतायत की काय, म्हणून बघतायत.

काकांनी गज पेटीत ठेवला, पेटी बंद केली. "वाक्य राहिलं तर गायनमंडळ गाणार नाही," म्हणाले आणि निघून गेले.

मी तेव्हा राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. घटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम आम्हाला नुकतंच शिकवून झालं होतं. त्या स्वातंत्र्यावर निर्बंध काय काय असतात, तो भाग पुढच्या सत्रात होता. त्यामुळे माझी मतं त्या डिसेंबरात एकदम पक्की होती.

नाटक साधंच होतं. योसेफ आणि गर्भवती मरिया बेथलेहेमला न जाता चुकून आमच्या मुळवाडीत येतात आणि रात्रीपुरती जागा मागत दारोदार फिरतात. कुणाकडे पाहुणे आलेले असतात, कुणाकडे लग्नाचे फुगे, म्हणजे आमच्याकडचे पिठाचे फुगलेले गोळे, तळायला घेतलेले असतात. शेवटच्या घरची बाई फरशी नुकतीच पुसलीय म्हणून त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं करते, आणि वर चौकशी करते, "मूल तुमचंच ना?" त्यावर योसेफाचं ते वाक्य. मग बाई दार लावते, दोघं गोठ्याकडे जातात, गायनमंडळ नाताळची गाणी म्हणतं, आणि फादर स्वतः बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवतात. शेवटच्या घरच्या बाईचं काम मार्था करणार होती. मार्था म्हणजे बस्त्यावकाकांची एकुलती एक मुलगी आणि माझी मैत्रीण.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाठलं. "तुझ्या बाबांना जरा समजाव ना."

"त्यांना आजवर कुणी समजावलंय?" मार्था म्हणाली. "मला मध्ये घेऊ नकोस, हिल्डा. तू लिहिलंयस, तू निस्तर."

घरी आईने जेवताना एवढंच म्हटलं, "ते वाक्य काढून टाक."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"हे काही कारण नाही, आई."

"कारणं कॉलेजात. इथे वाक्य काढ आणि भात घे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि भात घेतला.

रविवारी मिस्सा झाल्यावर फादर सिल्वेस्टर यांनी आपल्या घरी बैठक बोलावली. फादर फार भले. समोरच्याचं म्हणणं इतकं मनापासून मान हलवत ऐकायचे की भांडणाऱ्या दोघांनाही आपण जिंकलो असं वाटून दोघेही खुशीत घरी जायचे. भांडण मात्र तिथेच राहायचं. नाटकातल्या मरियेच्या पोटावर उशी बांधावी की नाही, या प्रश्नावर त्यांनी आठवडाभर विचार केला होता आणि शेवटी 'लहान उशी' असा निर्णय दिला होता.

"संत योसेफाचा अपमान झाला, अशी तक्रार आली आहे," फादर म्हणाले. "धार्मिक भावना दुखावल्या आहेत. कुणाकुणाच्या, ते मोकळेपणाने सांगावं."

हे त्यांनी विचारायला नको होतं. आधी कातरिनबाई उठल्या. त्यांची भावना फरशीवरून दुखावली होती. "अख्ख्या गावात फरशी पुसून दारात उभी राहणारी बाई कोण, ते शेंबड्या पोरालाही कळतं," त्या म्हणाल्या. मग बँडवाले आंतोनमामा उठले. नाटकातला मेंढपाळ झिंगलेला का, आणि त्याच्या हातात नेमका ट्रम्पेट का, हा त्यांचा सवाल होता. मग फुग्यांवरून दोन घरं पेटली. तासभर सगळे बोलत होते आणि संत योसेफाचं नाव कुणी काढलं नाही.

बस्त्यावकाका कोपऱ्यात बसून होते. एक शब्द बोलले नाहीत.

मी उभी राहिले. घटना काढली, कलम काढलं. "ज्यांना आवडत नाही त्यांनी बघू नये," असं काहीतरी ठणकावून म्हटलं. "एका वाक्याने पडेल इतकी आपली श्रद्धा लेचीपेची आहे का?" असंही म्हटलं. ते वाक्य मी आरशासमोर तयार केलं होतं.

"शाब्बास," फादर मनापासून म्हणाले. मग त्यांना काकांची आठवण झाली. "आणि बस्त्याव म्हणतो तेही खरंच आहे."

बैठक संपल्यावर त्यांनी मला मागे थांबवून घेतलं आणि शेंगदाण्यांची बशी पुढे केली. "हिल्डा, मला एक तोडगा सुचलाय. वाक्य राहू दे. पण विल्यमने ते हळू म्हणायचं. अगदी हळू. म्हणजे तुझं स्वातंत्र्यही राहिलं आणि कुणाला ऐकूही गेलं नाही."

"फादर!"

"बरं, मग तू बस्त्यावला जाऊन भेट. एकटी जा. तो चार माणसांत बोलणारा नाही."

मी दुपारी त्यांच्या वाडीत गेले, ती भांडणाची सगळी तयारी करूनच. काका केळीची वाळलेली पानं कोयत्याने कापत होते. मला बघून त्यांनी मान हलवली आणि कापत राहिले. मी सुरुवात केली. ते कापत होते, मी बोलत होते. एका केळीवरून दुसऱ्या केळीकडे ते सरकले की मीही माझं कलम घेऊन त्यांच्यामागून सरकत होते. चार-पाच केळी झाल्यावर ते थांबले.

"झालं?"

"हो."

"ते वाक्य तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? माझं मीच लिहिलं."

"तुझ्या आईने नाही?"

"आई तर ते काढ म्हणून मागे लागलीय."

काकांनी कोयता झाडाच्या बुंध्याशी टेकवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मी खोटं बोलत नाहीये एवढं त्यांना कळलं असावं. ते विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले.

"अपोलीन तुला आठवते?"

अपोलीनकाकू म्हणजे त्यांची बायको. आम्ही शाळेत असतानाच ती वारली होती. हसरी बाई. तिच्या हातची चिंचेची गोळी मला आठवत होती.

"आठवते की."

"आमचं लग्न झालं तेव्हा तिला चौथा महिना होता," काका म्हणाले. "माझा त्यात काही संबंध नव्हता. ज्याचा होता तो गोदीत कामाला लागला आणि बोटीवर चढून गेला. तिचा बाप माझ्याकडे आला, मी हो म्हटलं. सगळे म्हणाले, बस्त्याव देवमाणूस. कसला देवमाणूस! मला ती पहिल्यापासून आवडायची, आणि एरवी तिने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. फायदा झाला तो माझा झाला."

घटनेत यावर काही नव्हतं.

"मार्थाच्या बाप्तिस्म्याला इथेच अंगणात जेवण होतं. आमच्या बँडमधला एक जण होता, आता नाही तो. थोडी घेतलेली होती त्याने. सगळ्यांसमोर म्हणाला, मूल कुणाचं का असेना, पाळणा तर बस्त्यावच्या वाट्याला आला. सगळे हसले. तुझ्या विल्यमला हसले ना, तसेच."

"मग?"

"मग मी त्याच्या डोक्यात व्हायोलिन घातलं. आता वाजवतो ते दुसरं आहे."

मला हसू आलं आणि त्याच वेळी कानशिलं तापली. तालमीला मोठी माणसं एकदम गप्प का झाली, आई कारण का सांगत नव्हती, बैठकीत काका एक शब्दही का बोलले नाहीत, सगळं एकदम कळलं. गावाने गेली वीस वर्षं ज्यावर पांघरूण घालून ठेवलं होतं, ते मी नेमकं शाळेच्या हॉलमध्ये कमरेवर हात ठेवून म्हणवून घेतलं होतं.

"काका, मला खरंच काही माहीत नव्हतं. मी आजच काढते ते. आत्ता घरी जाऊन—"

"काढायचं नाही."

"अहो, पण तुम्हीच—"

"तालमीनंतर लगेच काढलं असतंस तर चाललं असतं. आता बैठक झाली. आता काढलंस तर गाव म्हणेल, बस्त्यावला लागलं म्हणून काढलं. जे विसरलेत त्यांनाही आठवेल."

"मग मी करू काय?"

काकांनी कठड्यावरचं एक वाळलेलं पान उचलून विहिरीत टाकलं.

"एक सांगू तुला? योसेफ हे म्हणाला असणार. लिहून ठेवलं नसेल कुणी. पण म्हणाला असणार. मी पहिलं वर्षभर रोज म्हणायचो, मनात. पाळणा हलवताना. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं ग, आणि रडण्यासारखंही नव्हतं. विल्यमला ते जमणार नाही. त्याला मेंढपाळ कर. योसेफाचं काम मी करतो."

"तुम्ही? आणि गायनमंडळ?"

"गोठ्यात पोहोचलो की व्हायोलिन घेईन. तोवर गाणं नाहीच आहे."

मला एकदम दुसरंच आठवलं. "पण काका, शेवटच्या घरी मार्था आहे. ती तुम्हाला तो प्रश्न विचारणार. तिला... तिला ठाऊक आहे?"

"नाही. तिला कशाला ठाऊक असेल?" काका उठले आणि त्यांनी कोयता घेतला. "तिच्यासाठी ते नाटक आहे. विचारेल आणि दार लावेल."

गेले आठ दिवस त्या वाक्यासाठी मी गावाशी भांडत होते. त्या दिवशी घरी जाताना मात्र ते वाक्य आपण लिहिलंच नसतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. आणि आता ते काढायला मला परवानगी नव्हती.

नाटक नाताळनंतरच्या रविवारी शाळेच्या मैदानावर झालं. भर दुपारी चारला, कारण अंधार पडल्यावर वीज टिकेल याची फादरांना खात्री नव्हती. त्यामुळे बेथलेहेमची ती थंडीची रात्र आम्ही लख्ख उन्हात उभी केली. लोक हातरुमालांनी वारा घेत होते आणि जसिंता, आमची मरिया, शालीत घामाघूम होत कुडकुडत होती. बस्त्यावकाकांनी योसेफाचं काम घेतलं म्हटल्यावर अख्खा गाव लोटला होता. बैठकीत तावातावाने बोललेले सगळे पहिल्या रांगेत होते. 'ज्यांना आवडत नाही त्यांनी बघू नये' ही माझी सूचना कुणीच मनावर घेतली नव्हती.

पहिली दोन घरं छान रंगली. फुग्यांवर हशा आला. आंतोनमामा आपल्यावरचा मेंढपाळ कधी येतो म्हणून मान उंच करून बघत होते. काका फारसा अभिनय करतच नव्हते. एखाद्या थकलेल्या माणसाने दार वाजवावं तसं वाजवत होते, आणि नाही म्हटलं की मान हलवून पुढे जात होते. मी पडद्याआडून हातातली वही चुरगाळत उभी होते.

शेवटचं घर आलं. मार्थाने दार उघडलं. दार म्हणजे शाळेचा एक फळा, दोन मुलांनी मागून धरलेला.

"जागा आहे का, बाई? एका रात्रीपुरती."

"आत्ताच फरशी पुसलीय. बाहेरच उभे राहा." हशा. कातरिनबाईही हसल्या, त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मार्था देखणी दिसत होती. "हिला दिवस गेलेत वाटतं? मूल तुमचंच ना?"

काकांनी आधी जसिंताच्या खांद्यावरची शाल नीट केली. मग मार्थाकडे बघून, वाडीत माझ्याशी बोलले होते तितक्याच साध्या आवाजात म्हणाले,

"मूल देवाचं, बाई. माझ्या वाट्याला फक्त पाळणा आलाय."

कुणीही हसलं नाही. वारा घेणारे रुमाल थांबले. पहिल्या रांगेत माझ्या आईने मान खाली घातली होती. हेच वाक्य मी वहीत लिहिलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि तरी ते मला ओळखता येत नव्हतं.

आता मार्थाने 'मग देवाच्याच घरी जा' असं म्हणून दार लावायचं होतं. ती काही बोलेना. मी पडद्याआडून हळूच वाक्य सांगितलं. फळा धरलेल्या मुलांना वाटलं आपलीच वेळ झाली, म्हणून त्यांनी फळा पुढे ढकलला. मार्थाने तो हाताने थोपवून धरला.

"पाळणा ज्याने हलवला, मूल त्याचंच," ती म्हणाली. "बघाल तुम्ही. तुमच्यासारखंच हट्टी निघणार आहे. या, आत या, बाबा."

आणि तिने फळा सरळ बाजूला केला.

मग मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. मला वाटतं, निम्मे लोक डोळे पुसत हसत होते. बस्त्यावकाका मात्र तसेच उभे. त्यांच्या हातातली काठी खाली पडली होती आणि ती उचलायचं त्यांना भान नव्हतं.

तिकडे गोठ्यात गोंधळ उडाला. योसेफ आणि मरिया मुळवाडीत घरातच राहिले तर गोठ्याचं काय? बाळ हातात घेऊन उभे असलेले फादर सिल्वेस्टर घाबरून हातवारे करायला लागले. विल्यम झिंगलेल्या मेंढपाळाच्या वेशात धावत येऊन विचारून गेला, आता गाणं म्हणायचं की नाही. शेवटी काकांनीच घसा खाकरला.

"नको, पोरी," ते म्हणाले. आवाज नीट लागत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा सूर हललेला मी ऐकला. "आमची जागा गोठ्यात ठरलीय. ते बघ, फादर तिथे बाळ घेऊन ताटकळलेत."

त्यावर जो हशा झाला तो देवळाच्या मागच्या वाड्यांपर्यंत ऐकू गेला असेल. फादरही हसले.

खरं तर त्या दिवशी मार्थाने प्रभूचा जन्म जवळजवळ कातरिनबाईंच्या घरात करून टाकला होता. माझ्या वाक्यापेक्षा हे कितीतरी मोठं पाप. पण त्याबद्दल एकही तक्रार आली नाही. उलट कातरिनबाई नंतर कित्येक दिवस सांगत फिरत होत्या की फरशी पुसलेली असली तरी आपण आत घेतलंच असतं.

नाटक संपल्यावर शाळेच्या एका वर्गात मार्था केसांचा अंबाडा सोडत होती. मी दार ओढून घेतलं.

"तुला ठाऊक होतं?"

"चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीने सांगितलं," ती पिना काढत म्हणाली. "मी घरी येऊन आईला विचारलं. आईने सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, बाबांना कळू देऊ नकोस तुला कळलंय म्हणून. त्यांना फार जपायला लागतं."

"आणि ते मला सांगत होते, तिला ठाऊक नाही म्हणून."

"हो ना. इतकी वर्षं घरात आमचंही नाटकच चाललं होतं," मार्था म्हणाली आणि हसली. हसता हसता तिने पदराने नाक पुसलं.

दार वाजलं. बस्त्यावकाका आत आले. योसेफाचा झगा तसाच अंगावर, बगलेत व्हायोलिनची पेटी. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मार्थाकडे. गाताना सूर चुकणाऱ्याकडे बघायचे तीच नजर त्यांनी आणायचा प्रयत्न केला. ती काही जमली नाही.

"तुला दार लावायचं होतं," ते म्हणाले.

"बाहेर तुम्ही उभे होता, बाबा," मार्था म्हणाली.

काकांनी पेटी या बगलेतून त्या बगलेत घेतली. मग माझ्याकडे वळले.

"हिने जे म्हटलं, ते वहीत नव्हतं."

"नव्हतं, काका."

"घाल," ते म्हणाले, आणि झग्याचा घोळ सावरत बाहेर जाऊन तिची वाट बघत उभे राहिले.